ब्रिटन-आयर्लंडच्या नोंदींत पूर्वज शोधताना या चुका टाळा

त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात आणि लगेच मूळ गाव. मगच वही उघडते. ब्रिटिश-आयरिश नोंदी धुंडाळणारे बहुतेक जण हा दुसरा प्रश्न विसरतात. संकेतस्थळावर नाव-आडनाव टाकतात, चारशे निकाल येतात आणि त्यातला सोयीचा एक पूर्वज म्हणून दत्तक घेतला जातो.

गावाच्याही आधी देश नक्की करा, कारण सगळीकडे एकच पद्धत नव्हती. जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून आहे, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. आयर्लंडमध्ये कॅथलिक नसलेल्यांचे विवाह १८४५ पासून नोंदले गेले, बाकी सगळं १८६४ पासून. दाखल्यांतही फरक आहे. स्कॉटिश मृत्यूदाखल्यात साधारणपणे आईवडिलांची नावं मिळतात, आईच्या माहेरच्या आडनावासकट. त्याच आशेनं एकोणिसाव्या शतकातल्या प्रौढ माणसाचा इंग्लिश किंवा आयरिश मृत्यूदाखला मागवलात, तर पैसे वाया जातील.

इंग्लंडची जुनी सूची तिमाहीवार आहे आणि ती घटनेच्या नव्हे, नोंदणीच्या तारखेनुसार लावलेली आहे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत असे. म्हणून २० नोव्हेंबरला जन्मलेलं मूल डिसेंबर तिमाहीत सापडलं नाही, तर पुढच्या वर्षाची मार्च तिमाही पाहा. मुदत उलटली की पुढे दंडाची धास्ती असे, मग काही आईबाप जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधीचा दिसला तर गोंधळू नका. अशा वेळी चर्चच्या नोंदीवर विश्वास ठेवलेला बरा. १८७५ पूर्वी जन्म न नोंदवणाऱ्या पालकांवर फारशी सक्ती नव्हती, त्यामुळे त्या काळातलं मूल सूचीत नसेलही. तेव्हा थेट बाप्तिस्म्याच्या वहीकडे वळा. आणि एक बारकावा: इंग्लिश जन्मदाखल्यात जन्माची वेळ दिली असेल, तर बहुधा जुळं आहे. दुसरं भावंडही शोधा. स्कॉटलंडमध्ये मात्र वेळ सगळ्यांचीच लिहीत.

आईचं माहेरचं आडनाव छापील सूचीत १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या (जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या) स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून घातलेलं आहे. एकाच नावाची तीन मुलं समोर आली की दाखले मागवण्याआधी तिथे पडताळा करा.

वयावर भिस्त ठेवू नका. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती, म्हणजे ३४ चा माणूस ३० चा लिहिला जाई. ही सूचना सगळ्या गणकांनी पाळली असंही नाही. आयर्लंडमध्ये तर १९०१ ते १९११ या दहा वर्षांत कित्येक म्हातारी माणसं पंधरा वर्षांनी मोठी झालेली दिसतात. कारण सरळ आहे: जानेवारी १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं होतं.

नात्यांचे शब्दही चकवतात. जुन्या जनगणनेत ‘सन-इन-लॉ’ म्हणजे जावईच असेल असं नाही, सावत्र मुलगाही असू शकतो. लग्नाच्या नोंदीतलं ‘फुल एज’ एवढंच सांगतं की वय २१ किंवा जास्त आहे. ‘या पॅरिशचा’ (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा परिसर) म्हणजे तिथे राहणारा, तिथे जन्मलेला नव्हे.

‘आयर्लंडचं सगळं १९२२ मध्ये जळलं’ हे ऐकून पुष्कळ जण शोध सोडतात. डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळपास संपल्या, तसंच मृत्युपत्रं आणि चर्च ऑफ आयर्लंड या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक वह्या गेल्या, हे खरं. १८६१ ते १८९१ च्या जनगणना मात्र सरकारनंच नष्ट केल्या होत्या. पण सरकारी जन्म-मृत्यू नोंदी वाचल्या. कॅथलिक वह्या त्या-त्या पॅरिशमध्ये होत्या म्हणून वाचल्या. त्यांच्या प्रतिमा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं मोफत ठेवल्या आहेत. १९०१ आणि १९११ च्या जनगणनाही मोफत दिसतात. १९११ च्या अर्जात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली आणि किती हयात आहेत हे विचारलं होतं. तुमच्या यादीतली मुलं त्या आकड्याशी जुळवून पाहा. एखादं दगावलेलं मूल निसटलेलं असतं. दगावलेल्या मुलाचं नाव पुढच्याला ठेवायची रीत होती, त्यामुळे दोन बाप्तिस्मे म्हणजे एकच मूल समजू नका.

आयर्लंडमध्ये खरा पत्ता म्हणजे टाउनलँड. आपल्याकडच्या वाडीसारखा हा जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा, आणि असे साठ हजारांहून जास्त आहेत. एकाच नावाचे टाउनलँड वेगवेगळ्या काउंटींत सापडतात. शिवाय सिव्हिल (सरकारी कामापुरती) पॅरिश वेगळी, कॅथलिक पॅरिश वेगळी आणि नोंदणीचा जिल्हा तिसराच. या तिन्ही हद्दी एका कागदावर लिहून ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. १८४७ ते १८६४ दरम्यानचं ग्रिफिथचं मूल्यांकन (कर आकारण्यासाठी केलेली जमीन-घरांची पाहणी) टाउनलँडवार आहे, पण त्यात जमीन धारण करणाऱ्या कुळाचं आणि ज्याच्याकडून जमीन घेतली त्याचं नाव असतं. बायकामुलं त्यात शोधू नका.

नावाचं स्पेलिंग पक्कं धरणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. आडनावाआधीचे ओ’ आणि मॅक गळतात आणि परतही येतात. ब्रिजेटची डेलिया होते. कॅथलिक वह्या लॅटिनमध्ये असल्या तर जेम्स ‘जेकोबस’ आणि विल्यम ‘गुलिएल्मस’ होतो. एकाच पॅरिशमध्ये चार मेरी मर्फी निघाल्या तर धर्मपिता-धर्ममाता आणि लग्नाचे साक्षीदार पाहा. ते सहसा नात्यातलेच असतात.

दुसऱ्याची ऑनलाइन वंशावळ ही नोंद नव्हे. ती फक्त सुगावा म्हणून वापरा.

पुणे, खडकी किंवा देवळालीच्या छावणीत जन्मलेला सैनिकाचा मुलगा इंग्लंडच्या नेहमीच्या सूचीत मिळणार नाही. मुंबई इलाख्यातल्या पाद्र्यांनी लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नकला ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात एन/३ या मालिकेत आहेत. पलटणींच्या जन्मनोंदींची जनरल रजिस्टर ऑफिसची सूची वेगळी आहे. दोन्ही पाहाव्या लागतात. शोधताना पूना, किर्की अशी जुनी नावं टाका. नक्कल नसेल तर मूळ वही स्थानिक चर्चमध्ये असू शकते. तिथे वर्ष आणि पलटणीचं नाव लिहून विचारा.