मैदानाची चावी कशी मागावी

डिचोली तालुक्यातल्या शाळांत मी बत्तीस वर्षं पी.टी. शिकवली. आता वाड्यावर माझेच जुने विद्यार्थी भेटतात आणि विचारतात, ‘बाई, साखर किती आली तुमची?’ आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यात मधुमेहाचं प्रमाण २६.४ टक्के निघालं. देशात सगळ्यांत जास्त, आणि देशाची सरासरी ११.४. म्हणून हे लिहिते आहे: सरकारचं क्रीडा धोरण आपल्या गावच्या तब्येतीसाठी कसं वापरून घ्यायचं.

आधी धोरणात काय आहे ते बघा. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘खेलो भारत नीती’ मंजूर केली आणि २००१ चं जुनं धोरण गेलं. पाच खांब आहेत. ऑलिंपिकची पदकं पहिल्या खांबात, वर्तमानपत्रांनी तेवढंच छापलं. आपल्या कामाचा खांब म्हणजे खेळाची लोकचळवळ. त्यात खेळाच्या सुविधा सगळ्यांना खुल्या व्हाव्यात असं म्हटलंय. शाळा आणि कामाच्या ठिकाणी तंदुरुस्ती मोजायची गोष्टही तिथेच आहे. मात्र क्रीडा हा राज्यांचा विषय. दिल्लीतून कुणी चावी घेऊन येणार नाही, ती गावातच मागावी लागते.

आमची पहिली चूक सांगते. आम्ही हौसेने फुटबॉलची स्पर्धा भरवली. मैदानात बावीस जण धावले, बाकी गाव कडेला उभं राहून रोस-ऑमलेट खात होतं. संध्याकाळअखेर गावाचं वजन वाढलंच असणार! स्पर्धा जरूर भरवा, पण ती आरोग्याच्या नावावर खपवू नका. जे आधीच खेळतात त्यांच्यासाठी धोरणाची गरज नाही.

मग मैदान कुणाचं ते शोधा. गोव्यात हे सोपं नसतं. कुठे शाळेचं, कुठे पंचायतीचं, कुठे कोमुनिदादीचं, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामायिक जमीन-संस्थेचं. मालकाच्या नावाशिवाय अर्ज केलात तर तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एका शाळेने आम्हाला चावी नाकारली, कारण ‘काही मोडलं तर कोण भरणार?’ प्रश्न रास्त होता. आम्ही दोन जबाबदार माणसांची नावं लिहून दिली, झाडलोट आम्ही करू म्हटलं आणि फक्त आठवड्याचे तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सहा एवढंच मागितलं. मिळालं. ‘मैदान द्या’ म्हणू नका, ‘तास द्या’ म्हणा.

विषय ग्रामसभेत न्या, पण आदल्या आठवड्यात पंचांना घरी भेटून. ठरावात दिवस, वेळ, दिवा आणि पाणी एवढं असलं की पुरे. दिव्यावर हटून बसा. दिवेलागणीनंतर अंधाऱ्या मैदानात बायका येत नाहीत, आणि मग लोकचळवळ म्हणजे पोरांची क्रिकेट.

आता माणसं कशी आणायची? ‘व्यायाम’ हा शब्द मी वापरतच नाही. पन्नाशीच्या बाईला ‘व्यायामाला ये’ म्हटलं की तिला गुडघा आठवतो. ‘फुगडी घालायला ये’ म्हटलं की ती साडीचा पदर खोचते. आपल्याकडे फुगडी खेळतात, धालो हा बायकांचा गाण्यानाचाचा प्रकारही खेळतात, शब्दच खेळाचा आहे. धोरणही पारंपरिक खेळांना उठाव द्या म्हणतं, तेव्हा अर्जात हे बिनदिक्कत लिहा. पाच मिनिटं बसफुगडी मारून बघा, दम लागतो की नाही ते कळेल. गुडघे खरंच दुखत असतील त्यांनी मैदानाला फेऱ्या माराव्यात. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतक्या वेगाने.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, मुलांना रोज सरासरी ६०. आमचे तीन तास म्हणजे १८०, पण गप्पांची मिनिटं वजा केल्यावर हिशेब जेमतेम जुळतो.

मोजणी करा, साधी. खुर्चीवर बसून, हात छातीशी घेऊन, ३० सेकंदांत किती वेळा उभं राहता येतं ते वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. वजन नको. वजनकाटा दिसला की आमच्या निम्म्या बायका दुसऱ्या दिवशी आल्या नव्हत्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी, आणि कुणाला घाम फुटून थरथर सुटली तर द्यायला पिशवीत साखर असू द्यावी.

पाऊस ही खरी परीक्षा. जूनमध्ये मैदानाचं शेत होतं. देवळाच्या अग्रशाळेसाठी, म्हणजे आवारातल्या छपराखालच्या जागेसाठी, देवळाच्या समितीशी मे महिन्यातच बोलून ठेवा, कारण चतुर्थीच्या आसपास ती भजनांना लागते. आम्ही एक वर्ष उशिरा विचारलं आणि चार महिने सगळं बंद पडलं. पुन्हा जमवताना दिवाळी उजाडली.

वहीत रोज नावं लिहा. सलग चार दिवस एखादं नाव नसलं की मी त्या घरी जाते. कारण बहुतेकदा गुडघा नसतोच, सासूला चहा करून द्यायला कुणी नसतं. मग सासूलाही खुर्ची घेऊन मैदानावर बोलावते.