गिटारच्या नोटेशनमधल्या बॅरे आणि बोटांच्या खुणा

स्वराजवळचे १ ते ४ हे आकडे डाव्या हाताची बोटं: १ तर्जनी, ४ करंगळी. ० म्हणजे मोकळी तार. वर्तुळातला आकडा मात्र तारेचा. १ सर्वांत बारीक. नवशिक्यांची गल्लत नेमकी इथेच होते. मोकळ्या पहिल्या तारेचाच स्वर लिहून वर्तुळात २ दिला असेल, तर तो दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात, वाजवायचा.

पी, आय, एम, ए ही उजव्या हाताची बोटं: अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. स्पॅनिश नावांची आद्याक्षरं आहेत ती.

'सी' आणि पुढे रोमन पाच म्हणजे पाचव्या फ्रेटवर बॅरे: तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा एकदम दाबणं. पुढची तुटक रेघ संपेपर्यंत तर्जनी उचलू नका. 'सी'वर उभी रेघ किंवा अर्ध्याचा अपूर्णांक असेल, तर मोजक्याच तारा दाबायच्या. नुसता रोमन आकडा फक्त हाताची जागा सांगतो, बॅरे नव्हे.

सगळ्या तारा सारख्याच जोराने दाबल्या की मनगट भरून येतं. पहिल्या फ्रेटवरच्या एफ मेजर या कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात) तर्जनीकडे खरं काम सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारांचं. उरलेल्या तीन इतर बोटं सांभाळतात. तार खरखरली तर जोर वाढवण्याआधी तर्जनी फ्रेटच्या पट्टीजवळ सरकवा, किंचित कडेवर कलती करा.