प्रतिस्पर्ध्याच्या बाऊटचा व्हिडिओ कसा बघायचा

ठाणे-नवी मुंबईतल्या बॉक्सिंग स्पर्धांचे व्हिडिओ बहुतेक कुणाच्या तरी पालकांनी मोबाईलवर काढलेले असतात. तेवढे पुरतात, पण बाऊट, म्हणजे लढत, पूर्ण हवी. नॉकडाऊनची रील बघून फक्त धडकी भरते, कळत काहीच नाही. दोन-तीन बाऊट मिळवा, त्यातली एक प्रतिस्पर्धी हरलेली. सगळ्यात जास्त तीच शिकवते.

आधी व्हिडिओ आरशासारखा उलटा झालेला नाही ना, ते बघा. तसा असेल तर ऑर्थोडॉक्स (डावा हात-पाय पुढे ठेवणारा) बॉक्सर साउथपॉ (उजवा पुढे ठेवणारा) दिसतो आणि सगळी तयारी चुकीच्या हाताची होते. मागच्या बॅनरवरची अक्षरं सरळ वाचता आली की झालं.

पहिल्यांदा आवाज बंद करून सलग बघा. लोक ओरडले की गार्डवर, म्हणजे बचावाला धरलेल्या हातांवर, अडलेला ठोसाही लागल्यासारखा वाटतो. एवढं ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्यानेही जमतं. मोजणी मात्र घरी बसून, वेग अर्धा करून.

वहीत तीन रकाने पाडा: ठोशाआधी काय झालं, त्याने काय मारलं, मारून कुठे गेला. मधला रकाना सगळेच भरतात, तिसरा कुणी भरत नाही, आणि नेमका तोच कामाचा. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर त्याचा हात हनुवटीपाशी परत येतो की छातीपर्यंत खाली येतो? खाली येत असेल तर त्याच क्षणी त्यावरून तुमचा क्रॉस (मागच्या हाताचा सरळ ठोसा) बसतो. एकदा दिसलं तर सोडून द्या. तीन-चारदा दिसलं तर सवय आहे. राऊंडही लिहा. सिनिअर गटात तीन मिनिटांचे तीन राऊंड असतात. हात फक्त तिसऱ्यात खाली येत असेल तर तो दमतोय, मग पहिल्या दोन राऊंडमध्ये त्याच्या पोटावर ठोसे मारा.

हूल दिल्यावर तो काय करतो, हेही टिपा. सरळ मागे सरकणारा लवकर दोरीला लागतो. बाजूला निघणारा असेल तर नेहमी एकाच बाजूला जातो का ते बघा.

समोर कोण होतं, हे विसरू नका. तुम्ही साउथपॉ असाल आणि व्हिडिओत तो स्वतः ऑर्थोडॉक्स असून ऑर्थोडॉक्सशीच खेळत असेल, तर पायांबद्दलच्या नोंदी जवळपास बाद. तुमच्या बाऊटमध्ये दोघांचे पुढचे पाय एकमेकांसमोर येणार, आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला त्याच्या मागच्या हाताला वाट मोकळी. वर्ष-दीड वर्ष जुना, दुसऱ्या वजनगटातला व्हिडिओही जपूनच घ्या.

शेवटी वहीतल्या तीनच गोष्टी पॅडवरच्या सरावात न्या. जास्त घेतल्या की रिंगमध्ये आठवत बसायला होतं. स्पॅरिंगला (सरावाच्या लढतीला) तशाच उंचीचा जोडीदार घ्या, त्याला ती सवय मुद्दाम करायला लावा. बाऊट सुरू झाली की पहिल्या अर्ध्या मिनिटात दोन-तीन हुली देऊन पडताळा करा. तो वहीप्रमाणे वागला नाही तर वही तिथेच सोडा आणि मिनिटभराच्या विश्रांतीत सरांना विचारा, त्यांना कोपऱ्यातून काय दिसतंय.