टेन्शननं छातीत दुखतंय की अटॅक? या चुका टाळा

माझी मावशी औशाकडची. मामा गेले, तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक घरी येतात न येतात तोच ती छातीला हात लावून ओसरीवरच बसली, घामानं पदर भिजलेला. कुणी कांदा हुंगवला, कुणी इनो पाजला, एक आजी म्हनल्या, "रडून रडून झालंय, पडू द्या तिला जरा." या पडू द्यामधी दीड तास गेला बगा.

सगळ्यात मोठी चूक हीच. लातूरला नेल्यावर ईसीजी अटॅकसारखाच, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, अन् अँजिओग्राफी केली तर ब्लॉकेज कुठंच नाही! टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) मात्र हृदयाचं टोक फुगून गप्प पडलेलं अन् वरचा भाग जोरात आवळतोय. याला ताकोत्सुबो म्हणतात, जपानी कोळी ऑक्टोपस धरायला गोल बुडाचं, अरुंद गळ्याचं मडकं वापरतात त्याच्यावरून, 1990 साली तिथल्याच डॉक्टरांनी दिलेलं नाव. जबर धक्क्यानं अॅड्रेनालिनसारखे हार्मोन एकदम उसळतात अन् हृदयाचा स्नायू गळपटतो असं मानतात. 2004 ला जपानात निगाताचा भूकंप झाला तेव्हा असे पेशंट एकदम वाढले होते. किल्लारी बघितलेल्याला धक्का काय असतो ते सांगायची गरज नाही. दहातल्या नऊ बायाच, त्यातही पाळी गेलेल्या जास्त.

आता उलटी चूक, दुःख झालंय म्हणजे ताकोत्सुबोच असं धरून बसणं. अहो, दुःखानं खरा अटॅकही येतो, अन् ताकोत्सुबो दम्याच्या झटक्यानं, ऑपरेशननंतर, कधी काहीच कारण नसताना पण होतो. घरी बसून फरक कळत नाही, नुसत्या ईसीजीवरून डॉक्टरलाही खात्रीनं नाही सांगता येत. म्हणून अटॅकच समजायचं अन् 108 लावायचा. डॉक्टरला घरात काय घडलं तेही सांगा, लाजू नका.

शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट (छातीदुखीवरची गोळी) जिभेखाली ठेवायचं तर सोडाच, बीपी पडलेला असला तर अजून घसरतो, अन् ताकोत्सुबोत काही पेशंटला ती गोळी चांगलीच महागात पडते.

अन् रिपोर्ट आल्यावर "ब्लॉकेज नाही म्हणजे नाटकच होतं" हे तर बोलूच नका. पहिले काही दिवस फुप्फुसात पाणी, ठोक्यांची गडबड, हृदयात गुठळी, सगळं होऊ शकतं, जीवही जातो. बहुतेकांचा स्नायू काही आठवड्यांत पूर्ववत होतो, पण ते परत इको केल्यावरच कळतं, बरं वाटतंय म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. मावशीचा दुसरा इको नॉर्मल आला. काका अजून म्हणतात, अँजिओग्राफीचे पैसे उगाच गेले.