वाऱ्यात डीएमई आर्क उडवताना या चुका टाळा

डीएमई आर्क म्हणजे रेडिओ स्टेशनपासून ठरलेलं अंतर राखत उडायची वर्तुळाकार वाट; डीएमई हे अंतर मैलांत दाखवतं. ठाण्यात सिम्युलेटरवर इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता उपकरणांवर उडण्याच्या परवान्याची) तयारी करायला मुलं येतात. ‘टर्न टेन, ट्विस्ट टेन’ सगळ्यांना तोंडपाठ: नाक १० अंश वळवा, ओबीएस (स्टेशनची दिशा निवडायचं बटण) १० अंश फिरवा. वारा नसेल तर हे चोख चालतं. वारा असला की तेच पाठांतर घात करतं, आणि हे मी प्रत्येक बॅचला पाहतो.

परवाचाच सराव घ्या. १२ मैलांचा आर्क, रेडियल (स्टेशनपासून निघणारी दिशारेषा) ३६० पासून ०९० पर्यंत घड्याळाच्या दिशेने, एअरस्पीड १२० नॉट, वारा पश्चिमेचा ३० नॉट. सुरुवातीला वारा पाठीमागून, म्हणून डीएमई छान १२ वर. पोरगा खूश. मग १२.४. ०६० रेडियलला १२.९. "सर, मी तर दर दहाला वळतोय!" वळत होता, खरंच. पण वारा आता त्याला स्टेशनपासून बाहेर ढकलत होता आणि त्याचं हेडिंग (नाकाची दिशा) बिनवाऱ्याचं, १५० च. घाबरून त्याने एकदम ४० अंश आत मारले. नजर डीएमईवरच खिळलेली, लीड रेडियल (जिथून फायनल कोर्सकडे वळायला लागायचं तो) निघून गेला, फायनल कोर्स ओलांडून विमान पलीकडे.

०६० रेडियलला हेडिंग १६२-१६३ हवं होतं. हिशेब तोंडी होतो: वारा भागिले एअरस्पीड, गुणिले ६०. म्हणजे पूर्ण आडव्या वाऱ्यात १५ अंश, तिरक्यात त्याहून कमी. आर्कवर ट्रॅक (जमिनीवरच्या वाटेची दिशा) सतत बदलतो, म्हणून हा आकडाही दर वळणाला नव्याने धरायचा. आरएमआय (सुईने स्टेशनची दिशा दाखवणारं उपकरण) असेल तर वारा बाहेर ढकलतोय तेव्हा सुई पंखाच्या टोकाच्या थोडी पुढे ठेवा, आत ढकलतोय तेव्हा मागे.

मी स्वतः कायम ०.२ मैल आत राहतो. आत असलात तर नाक सरळ ठेवूनही आर्क आपणहून जवळ येतो. बाहेर गेलात तर सरळ उडणं म्हणजे आणखी लांब जाणं.

मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) जमिनीवरचा वारा ३,००० फुटांवर वापरू नका. जुलैत खाडीकाठची झाडं जेमतेम हलत असतात, तेव्हाही वर पश्चिमेचा वारा जोरात वाहत असू शकतो.

आर्कवर वळायची लीड (किती मैल आधी वळायला लागायचं ते) ग्राउंड स्पीडवरून, म्हणजे जमिनीच्या हिशेबातल्या वेगावरून, काढा: १०० नॉटला अर्धा मैल, १४० ला ०.७.

आरएफ लेगवर (जीपीएसने उडायच्या वळणदार टप्प्यावर) वळणाची त्रिज्या ठरलेली असते. पाठीमागून वारा असेल तर बँक (वळताना विमानाचा कल) वाढतो, तेव्हा वेग आधीच उतरवा.

आणि पहिल्याच दिवशी जीपीएसची रेघ लावून ऑटोपायलट मागणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी सुई आणि डीएमईवर तीन वेगवेगळ्या वाऱ्यांत आर्क हाताने उडवून दाखवा, मग बटण दाबा.