जुना ऑफिस डेस्कटॉप घेताना आधी प्रोसेसरचा आकडा बघा

कंपन्यांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर आजही घेण्यासारखे आहेत, पण सरसकट नाही. दुकानदार नुसतं ‘आय७ आहे’ म्हणाला म्हणून भुलू नका, पुढचा आकडा विचारा. आय७-७७०० सातव्या पिढीचा, आय५-८५०० आठव्या. एखाददुसरा अपवाद सोडला तर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून सातव्या पिढीचं मशीन लिनक्स (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकणार असाल तरच घ्या.

पैसे देण्याआधी मशीन दुकानातच चालू करायला लावा. डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरा. पासवर्ड मागितला तर सरळ उठा. जुन्या मालकाचं ते कुलूप घरी सहजी निघत नाही.

ग्राफिक्स कार्ड टाकायचं मनात असेल तर बारका डबा (छोट्या कॅबिनेटचं मशीन) टाळा. त्यात कमी उंचीचंच कार्ड मावतं, आणि पॉवर सप्लाय कंपनीच्या खास मापाचा असल्याने बाजारातला बसत नाही. आत जुनी हार्ड डिस्क असेल तर मात्र घाबरू नका, एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकली की टॅली-एक्सेलला मशीन झकास पळतं.