जेवण झालं की आधी लुळा गाल बघा

आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं, त्याला आता दोन वर्षं होतील. उजवा हात-पाय गेला, वाचाही गेली. दवाखान्यातून सोडताना गोळ्या, व्यायाम सगळं नीट समजावलं; तोंडाविषयी कुणी बोललं नाही, आम्हालाही सुचलं नाही. तिसऱ्या आठवड्यात तोंडाला घाण वास यायला लागला. बॅटरी लावून बघितलं तर उजव्या गालात वरणात कुस्करलेल्या भाकरीचा गोळा. कधीचा, कोण जाणे. लुळ्या बाजूला स्पर्श कळत नाही, जीभ तिकडं वळत नाही. त्यांना काही टोचत नव्हतं, आणि टोचलं असतं तरी सांगणार कशा?

म्हणून ताट उचलायच्या आधी बॅटरी घ्या. ओल्या गॉजनं गाल, हिरडी, टाळू पुसून काढा. बोट दातांच्या मध्ये घालू नका, हे मी चावून घेऊन शिकले. पेशंट अचानक चावतो, ते त्याच्या हातात नसतं.

ब्रश दोन वेळा, बसवूनच, हनुवटी जरा खाली. बसवणं जमत नसेल तर कुशीवर, लुळी बाजू वर ठेवून. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट. गिळायला त्रास असेल तर चूळ भरायला पाणी देऊच नका. फेस गॉजनं टिपून घ्या. तोंडातले जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरले की न्यूमोनिया होतो, आणि अशा माणसाला ठसका लागेलच असं नाही. आत्याबाईंना ताप आला तेव्हा आम्ही हवापालट म्हणून दोन दिवस घालवले. तुम्ही घालवू नका. जेवल्यावरही अर्धा तास आडवं करू नका.

ब्रशच्या दांड्याला जुनं फडकं गुंडाळून जाड केलं, आता त्या डाव्या हातानं धरतात. आधी त्यांना घासू देते, मग मी एक हात फिरवते.

मिश्रीवरून घरात भांडण झालं. शेजारणी म्हणायच्या, म्हातारीचं तेवढंच सुख, लावू द्या. मी नाही दिली. तंबाखूनं हिरड्या सडतात आणि लकव्याचा झटका पुन्हा येण्याचं भय वाढतं. पहिले पंधरा दिवस त्या माझ्याकडं बघायच्या नाहीत. मला वाईट वाटायचं, पण डबी काढली नाही.

कवळी असेल तर रात्री काढून, घासून गार पाण्यात ठेवा. उकळत्या पाण्यानं ती वाकते. माणूस वाळला की ती सैल होते, हिरडीला घासते. जिभेवर पांढरा थर आला आणि पुसूनही जात नसेल तर डॉक्टरला दाखवा.

दाताच्या डॉक्टरकडं जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या. रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर ते आधी सांगा. दात काढायचा म्हणून ती गोळी आपल्या मनानं बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारा. घासताना हिरडीतून थोडं रक्त आलं म्हणून घासणं सोडू नका, मात्र ते थांबतच नसेल तर लगेच दवाखाना गाठा.